वीस दिवस मुका राहिलेला टाळ

मी एक जुना टाळ आहे. टाळ म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांपुढे येते, पण मित्रांनो, आम्ही असतो दोघं. काशाच्या दोन जड वाट्या, त्यांच्यातून ओवलेली एक दोरी आणि दोरीच्या टोकांना लाल गोंडे. दोघं असलो तरी तोंड एकच, म्हणून मी स्वतःला 'मी' म्हणतो. तुम्हीही तसंच समजा.

कल्याणच्या एका कासाराने मला ओतलं. भट्टीतून निघालो तेव्हा माझ्या दोन वाट्यांचा सूर जमत नव्हता. तो म्हातारा मला कानाशी धरून वाजवायचा, मान हलवायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. आठ दिवस त्याने असं केलं. नवव्या दिवशी वाजवलं, डोळे मिटले आणि माझा नाद पार विरेपर्यंत ते उघडलेच नाहीत. त्याच आठवड्यात ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या चंदूने मला घरी नेलं.

चंदू दिवसा खाडीत जाळं टाकायचा आणि संध्याकाळी देवळात टाळकरी म्हणून उभा राहायचा. अंगाला मासळीचा वास आणि मुखात हरीचं नाव. देवाला दोन्ही चालायचं. माझी ती सोन्याची वर्षं! बुवा निरूपण करायचे, लोकांना हसवायचे, मध्येच असं काही बोलायचे की समोरच्या बायका पदराने डोळे पुसायच्या. मी चंदूच्या हातात तयारच असायचो. कीर्तन सरत आलं की गजर सुरू होई. ठेका आधी संथ, मग हळूहळू चढता, मग एकदम दुप्पट. लय दुप्पट झाली की देवळात एकही माणूस बसून राहत नाही. 'उठा' म्हणून कुणी सांगत नाही. पाय आपोआप उठतात. मांडीवरचं झोपलेलं लेकरू खांद्यावर टाकून बायकाही उभ्या राहतात.

आणखी एक रीत सांगतो. टाळ भुईवर ठेवत नाहीत. कुणाचा पाय लागेल म्हणून खुंटीला टांगतात. मित्रांनो, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एकीने आमचा घात केला आणि दुसरीने आम्हाला तारलं.

चंदूची मुलगी दक्षता शिकून नर्स झाली. ठाण्यातच खोपट भागातल्या एका दवाखान्यात तिने चार वर्षं काढली आणि मग दूरच्या एका वाळवंटी देशात मोठ्या इस्पितळात तिला काम लागलं. त्या देशाचं नाव मी सांगत नाही. तिथली साधी माणसं आपल्यासारखीच लेकराबाळांची होती, आणि त्यांची तर लढाईत घरंही गेली. निघायच्या दिवशी चंदूने मला खुंटीवरून काढलं, कपाळाला लावलं आणि तिच्या पिशवीत ठेवलं.

"बाय, तिथं देऊल नसंल," तो आपल्या कोळी बोलीत म्हणाला, "पन टाल तरी आसंल."

"अरे बाबा, तिथे कुणाला वाजवून दाखवू?"

"देवाला दाखव. त्याला काय, तो सगलीकरं हाय."

दोन वर्षं बरी गेली. दक्षता तिथली भाषा कामापुरती शिकली. सुट्टीच्या दिवशी मला हळूच वाजवून ती फोनवर चंदूला ऐकवायची, आणि इकडून चंदू माझ्या गोंड्यांची चौकशी करायचा, "गोंरे धुतलंस का?" मग एका सकाळी शहराच्या कडेला धुराचे लोट दिसले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बंदुका घेतलेली माणसं इस्पितळात शिरली.

त्यांनी रुग्णांना एकीकडे केलं, पुरुषांना दुसरीकडे, आणि आठ बायकांना तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत कोंडलं. धूर दिसल्यापासून नर्सेस इस्पितळातच राहत होत्या, म्हणून दक्षताने गळ्यातल्या पिशवीत तेवढ्यात जे सापडलं ते भरलं होतं: मलमाची नळी, कापूस, पट्ट्या आणि मी. बाकीच्यांत तिघी केरळच्या नर्सेस होत्या, तिघी त्याच गावच्या, आणि एक होत्या डोंबिवलीच्या सुमतीताई. सुमतीताई पन्नाशीच्या, सगळ्यांत अनुभवी. बोलणं स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. डोंबिवलीत असताना त्यांनी एकही कीर्तन चुकवलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्या गावच्या तिघींपैकी एकीला 'जखमींना बघायचंय' म्हणून वर नेलं. ती परत आली नाही. तिचं काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. त्यानंतर जिन्यावर बूट वाजले की साती जणी श्वास धरायच्या आणि बूट पुढे गेले की सोडायच्या. मी दक्षताच्या पोटाशी होतो. तिचं काळीज कसं धडधडतं ते मला पाठ झालं होतं.

चौथ्या दिवशी दक्षताने पिशवी उघडून मला फरशीवर ठेवलं आणि कापूस मोजायला घेतला. सुमतीताईंची नजर माझ्यावर गेली.

"अगं, टाळ? आणि भुईवर? कुणाचा पाय लागला म्हणजे!"

"ताई, इथे खुंटी कुठून आणू?"

"ही काय खुंटी!" त्यांनी मला उचललं, कपाळाला लावलं आणि डोक्याच्या उंचीवरून गेलेल्या पाण्याच्या पाइपावर, नळाच्या चाकाला, माझी दोरी अडकवली. मग माझ्यापुढे हात जोडून त्या पुटपुटल्या, "आता जरा घर वाटतंय हो."

अशी चूक आपल्याच माणसाच्या हातून व्हावी! दुसऱ्या कुणी मला फरशीवरच राहू दिलं असतं. अर्ध्या तासाने जवळच कुठेतरी तोफगोळा पडला. भिंती हलल्या, पाइप थरथरला आणि मी वाजलो. एकदा नाही. ठण्, ठण्, ठण्ण्! कासाराने आठ दिवस घासून बसवलेला तो स्वच्छ सूर तळघरभर घुमला. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

बूट धावत आले. दार उघडलं. पहारेकऱ्यांतला सगळ्यात उंच माणूस आत आला. त्याला वाटलं फोन वाजला. त्याने गाद्या फाडल्या, पिशव्या उलट्या केल्या. मग पाइपावर लोंबणारा मी त्याला दिसलो. बंदुकीची नळी त्याने माझ्यावर हळूच आपटली. मी पुन्हा वाजलो. काय करणार? मारल्यावर वाजणं एवढंच मला येतं.

"हे कुणाचं?"

"माझं," सुमतीताईंनी तोंड उघडायच्या आत दक्षता त्याच्या भाषेत म्हणाली. "प्रार्थनेचं आहे."

"पुन्हा आवाज आला," तो शांतपणे म्हणाला, "तर वाजवणारीला वर नेईन."

दार बंद झालं. सुमतीताईंनी मला पाइपावरून काढलं. "माझ्यामुळे गं... माझ्या सोवळ्याने तुझा जीव घेतला असता." दक्षताने कापसाचा जाड बोळा केला, माझ्या दोन वाट्यांमध्ये कोंबला, वरून पट्टीचे चार वेढे दिले आणि मला पिशवीच्या तळाशी ठेवलं. त्या दिवसापासून मी मुका झालो.

पण माझा तो आवाज पाइपातून भिंतीपलीकडेही गेला होता. पलीकडे जनरेटरची खोली होती. ते यंत्र चालू ठेवायला एक मेकॅनिक हवा, म्हणून त्याला पहारेकऱ्यांनी बाकीच्या पुरुषांबरोबर पाठवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जनरेटर घरघरायला लागला आणि पाइपावर बोटाने ठोकल्याचा आवाज आला. ठक ठक, ठक-ठक ठक. थांबला. पुन्हा तसाच.

बायका घाबरून एकमेकींना बिलगल्या. दक्षता मात्र कान देऊन उभी राहिली. तिने बापाच्या मागे बसून लहानपणापासून तेच ऐकलं होतं.

"ताई, हा भजनाचा ठेका आहे."

"छे गं. इथे कोण येतंय भजन करायला?"

दक्षता बादली पालथी घालून तिच्यावर चढली. पाइप भिंतीतून पलीकडे जात होता तिथलं प्लास्टर ढासळून दोन बोटं जातील एवढी फट पडली होती. मधली भिंत नंतर घातलेली, पातळ होती. तिने नखाने ठेक्याचा पुढचा भाग वाजवला. मग फटीतून कुजबुज आली, चक्क मराठीत.

"आयला! कुठल्या तुम्ही?"

"ठाणे. चेंदणी."

"मी टिटवाळ्याचा. यज्ञेश. काल टाळ ऐकला ना, तेव्हा वाटलं आपण मेलेलो आणि डायरेक्ट देवळात पोचलेलो."

दक्षता हसली. मी सांगतो, त्या खोलीतलं ते पहिलं हसू. लगेच तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

जनरेटर चालू असेपर्यंतच बोलता यायचं, कारण त्या घरघरीत कुजबूज लपायची. यंत्र बंद पडलं की दोन्ही बाजू चिडीचूप. यज्ञेश कधी ब्रेडचा तुकडा सरकवायचा, कधी खडीसाखरेचा खडा. वर काय बोलणं चाललंय, कोण पहाऱ्यावर आहे, ते सांगायचा. रोज सकाळी तो ठेका धरायचा, म्हणजे मी जिवंत आहे. दक्षता नखाने उत्तर द्यायची, म्हणजे आम्हीही आहोत. एका सकाळी ठेका आला नाही. दक्षता बादलीवरच उभी राहिली. पिशवीत मी तिच्या पोटाशी होतो, आणि तिचं काळीज जिन्यावर बूट वाजताना धडधडायचं तसंच धडधडत होतं. फरक एवढाच की या वेळी भीती तिला स्वतःची नव्हती.

दुपारी ठेका आला. अडखळत.

"काय झालं?"

"काही नाही. गरम पाइपाला हात लागला."

"खोटं बोलू नका. बोटं इकडे करा."

फटीतून दोन बोटं आली. भाजून फोड आलेली, काळी पडलेली. ती कशाने भाजली हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तिने मलम लावलं, पट्टी बांधली. पट्टी कमी पडली तेव्हा माझ्या अंगावरचे दोन वेढे सोडवून त्याला गुंडाळले. रोज दुपारी ती दोन बोटं यायची आणि ती पट्टी बदलायची. काम झाल्यावरही बोटं लगेच मागे जायची नाहीत, आणि तीही सोडायची नाही.

"चेहरा बघितला नाहीस, घरदार ठाऊक नाही," सुमतीताई म्हणाल्या, "नुसत्या बोटांवरून मुलगा पसंत करतेस होय?"

"काहीतरीच काय ताई."

"काहीतरी नाही. मी माझ्या ह्यांना नुसत्या फोटोवरून केलं. फोटोत केस तरी होते."

केरळच्या तिघींना भाषा कळली नाही, पण त्याही गालात हसल्या. मित्रांनो, भीती संपली नव्हती. रोज वाढतच होती. पाणी कमी झालं होतं, आणि धाकटी केरळची नर्स तापाने फणफणली होती. पण भीतीच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं.

चोविसाव्या दिवशी सकाळी यज्ञेशचा आवाज वेगळाच होता.

"ऐक. आज तुम्हाला ट्रकात घालून कुठेतरी नेणार. मला डिझेल भरायला सांगितलंय. कुठे ते माहीत नाही, पण नेल्यावर कुणी परत येत नाही." तो फटीला आणखी टेकला. "तुमच्या मागच्या दाराची कडी बाहेरून आहे. डिझेल आणायला अंगणातून जातो तेव्हा काढतो. समोर तोफा सुरू झाल्या की हे सगळे तिकडे पळतात. तेव्हा मी—"

जिन्यावर बूट वाजले. बोलणं तुटलं. 'तेव्हा मी' काय करणार, ते राहूनच गेलं.

दुपार झाली. जनरेटर चालू होता, पण फटीत कुणी नव्हतं. दार आतून ढकलून बघायची कुणाची छाती होईना. कडी निघाली नसेल आणि दाराचा आवाज झाला, तर संपलंच. सुमतीताई नामस्मरण करत होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग समोरच्या बाजूने धडाड् असा गोळा पडला. वर धावाधाव झाली.

आणि पाइपावर ठेका आला. संथ. मग चढता. दक्षताने सुमतीताईंकडे बघितलं. ठेका आणखी चढला आणि एकदम दुप्पट झाला.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. दक्षताचे आणि सुमतीताईंचे पाय एकदमच उठले.

"क्या हुआ?" केरळची एक जण घाबरून म्हणाली.

"कीर्तन खतम," सुमतीताई म्हणाल्या, "खड़े हो जाओ. चलो!"

कडी निघालेली होती. तापलेल्या मुलीला दोघींनी खांद्यावर घेतलं. साती जणी भिंतीला लागून अंगण ओलांडून मागच्या गल्लीच्या दारापर्यंत पोचल्या. जनरेटर कर्कश ओरडत होता आणि त्यात त्यांची पावलं बुडून जात होती. यंत्र चालू ठेवायलाच यज्ञेश मागे थांबला होता. यंत्र बंद पडलं असतं तर अंगणात टाचणी पडलेली ऐकू आली असती.

तेवढ्यात दुसरा गोळा पडला, आणि तो जनरेटरच्या खोलीवरच. डिझेल पेटलं. काळा धूर अंगणात असा पसरला की हात पुढे केला तर दिसेना. यंत्र गप्प झालं. धुरातून कुणी खोकल्याचं ऐकू आलं. एकदा डावीकडे, मग लांब उजवीकडे. यज्ञेशला दार सापडत नव्हतं.

"पुढे व्हा," दक्षता म्हणाली. बाकीच्या पाच जणी गल्लीत शिरल्या. सुमतीताई थांबल्या. दक्षताने पिशवीतून मला काढलं, दातांनी पट्टी फाडली, बोळा उपसून फेकून दिला.

मला कळलं ती काय करणार. 'नको गं बाय,' मला ओरडावंसं वाटलं. 'तो उंच माणूस इथेच कुठेतरी आहे. पुन्हा आवाज आला तर काय, ते त्याने सांगितलंय.' पण टाळाला स्वतःहून बोलता येत नाही.

"ताई, वाजवू?"

सुमतीताईंचा चेहरा पांढरा पडला होता. "वाजव," त्या म्हणाल्या, "पण लयीत वाजव. त्याला कळलं पाहिजे आपणच आहोत ते."

आणि वीस दिवसांनी मी वाजलो. देवळात वाजतो तसा, संथ ठेक्यात, मोकळा. धुरात माझा सूर दोरीसारखा लांब गेला. खोकला थांबला. पावलं आमच्याकडे वळली. त्याच वेळी कोपऱ्यावरून बंदूक कडाडली. गोळी दाराच्या चौकटीवर आदळली आणि लोखंडाची एक कपची उडून माझ्या डाव्या वाटीत घुसली. मला तडा गेला. दक्षताच्या मनगटातून रक्त आलं. तिने वाजवणं थांबवलं नाही. मी चिरकलो, तरी ती लय सोडेना.

धुरातून एक माणूस धडपडत बाहेर आला. काजळीने तोंड काळंठिक्कर, नाक-डोळे कळत नव्हते. दक्षताने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. तिने त्याचा उजवा हात पकडला, पट्टी बांधलेली दोन बोटं चाचपली आणि म्हणाली, "पळा."

त्या गावच्या दोघींनी पुढची वाट दाखवली. एका शाळामास्तरांनी चार दिवस सगळ्यांना लपवलं, आणि पाचव्या दिवशी मदतीच्या गाड्या आल्या. सात निघाल्या त्या सातही सुखरूप सुटल्या, आणि आठवा तो.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. ठाण्याला हार-तुरे झाले, टेंभी नाक्यावर फलक लागला. पण घरी आल्यावर दक्षताने मला जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवून दिलं. स्वयंपाकघरात झाकण पडलं तरी ती भिंतीला पाठ लावायची. देवळातून गजर ऐकू आला, लय चढायला लागली की खिडक्या लावून घ्यायची. दुप्पट लयीला आता तिला धूर दिसायचा. आठ महिने मी अंधारात पडून होतो. मी तिला दोष दिला नाही. पण मला भीती वाटायची, की हिच्या आत बसवलेला बोळा कधी निघणारच नाही.

शेजारची मालू येऊन बसायची. एकदा माशाचं कालवण वाढून घेता घेता म्हणाली, "कं गो दक्षता, तिथं तुमाला काय काय केला?" दक्षता ताटावरून उठून गेली. चंदू कधी ओरडणारा माणूस नव्हे. तो हळूच म्हणाला, "मालू, जाल्यातशी सुटलेले मासलीला कोनी इचारतं का गो, जाला कसा व्हता?" मालू खाली मान घालून जेवली. नंतर ती रोज यायची, पण नुसती तांदूळ निवडत बसायची.

यज्ञेश दर रविवारी सकाळी टिटवाळ्याहून यायचा. दोघं खाडीकाठी बसायची. तो फार बोलायचा नाही. एखाद्या दिवशी बाकड्यावर दोन बोटांनी संथ ठेका धरायचा, आणि पुढे वाढवायचा नाही. तिथेच ठेवायचा. पुष्कळ रविवार गेल्यावर एकदा दक्षताच्या नखाने उत्तर दिलं.

त्यांचं लग्न ठरलं तेव्हा चंदूने नाचासाठी बँजोचं पथक सांगितलं नाही. देवळात कीर्तन ठेवलं. सुमतीताई डोंबिवलीहून आदल्या दिवशीच आल्या, यजमानांना घेऊन. खरंच, त्यांना केस नव्हते. सकाळी चंदू टाळासाठी इकडेतिकडे बघत होता, तोच दक्षता कपाटाकडे गेली. माझी ओढणी तिने स्वतः सोडली. तिने मला कपाळाला लावलं आणि एकदा वाजवलं.

आवाज फुटका आला. कासाराचा तो नितळ सूर आता माझ्यात नाही.

चंदूचे डोळे भरले. "तरकला गो बाय. आज कल्यानशी नवी जोरी आनतो."

"नको बाबा," दक्षता म्हणाली. "हाच आवाज ऐकून तो धुरातून आला. नवीन टाळ त्याला ओळखू यायचा नाही."

त्या दिवशी लय दुप्पट झाली तेव्हा तिचा हात गार पडला. पण ती उभी राहिली. पळायला नाही, सगळ्यांसारखीच.

तर मित्रांनो, तुमच्या घरी टाळ असेल तर त्याला भुईवर ठेवू नका, पण खुंटीवर विसरूही नका. आणि कुणी फार मोठ्या भीतीतून परत येऊन गप्प झालं असेल, तर आवाज येतो का म्हणून त्याला हलवून बघू नका. आतला बोळा त्याचा त्यालाच काढू द्या. तोवर दोरी तेवढी धरून ठेवा.